मॉन्टेरेच्या थंड, खवळलेल्या, गढूळ पाण्यात किनाऱ्यावरून डायव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न वर्षभर येत असतात. बहुतेकांनी पहिली बुडी तारकर्लीला, नेत्राणीला नाहीतर अंदमानात मारलेली असते. आता घरापासून दीड-दोन तासांवर मॉन्टेरेचा समुद्र आहे आणि तिथं उतरायची इच्छा आहे. उत्तरं मॉन्टेरे आणि कार्मेलच्या किनाऱ्यांपुरती आहेत. कौशल्यं प्रशिक्षकाकडूनच शिकायची. इथं त्यामागची कारणं आणि निर्णय कसे घ्यायचे ते लिहिलं आहे.

१. मालवणला स्कूबा केलं आहे. मॉन्टेरेला थेट उतरता येईल का?

नाही. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना नेतात ती बुडी अनुभव घेण्यापुरती असते. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, जॅकेटमध्ये हवा तोच भरतो, तोच सोडतो, कुठं जायचं तेही तोच ठरवतो. मॉन्टेरेत हे सगळं तुमचं तुम्ही करायचं असतं. त्यासाठी किमान ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचं पहिल्या पातळीचं, प्रमाणपत्र हवं. टँक भरून घेतानाच दुकानदार कार्ड मागतो.

प्रमाणपत्र अंदमानात घेतलेलं असलं, तरी इथल्या पहिल्या एक-दोन बुड्या स्थानिक प्रशिक्षकाबरोबर मारा. तिथं शिकलेलं वाया जात नाही. पण जाड सूट, दुपटीहून जास्त वजन, हातमोज्यांत अवघडलेली बोटं आणि सामान घेऊन उभं असताना अंगावर येणारी लाट यांची सवय कोमट पाण्यात बोटीवरून उडी मारून होत नाही.

२. पोहता फारसं येत नाही. पण जॅकेट असतंच ना?

जॅकेट तरंगत ठेवतं, किनाऱ्याला आणून सोडत नाही. ओपन वॉटर कोर्ससाठी २०० मीटर पोहावं लागतं (मास्क, फिन्स आणि स्नॉर्केल लावून पोहलात तर ३०० मीटर) आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. मॉन्टेरेसाठी मी ही किमान अट पुरेशी मानत नाही. दमलेल्या अंगानं, थंडीत, सगळ्या सामानासकट पृष्ठभागावरून शंभर-दोनशे मीटर परत यावं लागणं ही इथं नेहमीची गोष्ट आहे. आधी तरणतलावावर दोन-तीन महिने घाला.

३. पाणी किती थंड असतं? कुठल्या महिन्यात यावं?

वर्षभर साधारण १० ते १५ अंश सेल्सियस. मालवणचं पाणी २५ अंशांच्या वर असतं, त्यामुळं हा फरक आकड्यावरून कळत नाही. चेहरा पाण्यात घातल्यावर कळतो. सगळ्यात गार पाणी डिसेंबरात नाही, तर एप्रिल ते जूनमध्ये असतं. त्या महिन्यांत वायव्येकडून जोरदार वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं गार पाणी वर येतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सगळ्यात चांगला काळ. वारा मंदावलेला असतो, पाणी त्यातल्या त्यात ऊबदार आणि स्वच्छ असतं. हिवाळ्यात दोन वादळांच्या मध्ये एखादा दिवस फार सुंदर मिळतो, पण लाटा मोठ्या असतात. नवख्यानं त्या दिवसांच्या मागं लागू नये.

४. पाणी एवढं हिरवं का? किती दिसत असेल तर उतरावं?

खोलातून वर येणाऱ्या पाण्यात पोषक द्रव्यं भरपूर असतात. त्यावर ऊन पडलं की प्लवकांची बेसुमार वाढ होते आणि पाणी हिरवं होतं. लाटांनी उचललेली वाळू हे गढूळपणाचं दुसरं कारण. दोन्हींत फरक आहे. प्लवकांचा थर पुष्कळदा वरच्या काही मीटरपुरता असतो आणि त्याखाली काळोखं पण स्वच्छ पाणी सापडतं. वाळू मात्र तळाशी जास्त असते, त्यामुळं खाली गेल्यावर आणखीच कमी दिसतं.

इथं ३ ते ६ मीटर दिसलं तर तो सामान्य दिवस, १० मीटर म्हणजे उत्तम. किमान किती, याचं माझं उत्तर मीटरमध्ये नाही: शेजारून पोहणाऱ्या बडीनं, म्हणजे बुडीतल्या जोडीदारानं, हातानं केलेली खूण वाचता येत नसेल, तर वर यायचं.

५. एवढं सोसून बघायला काय मिळतं?

केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जंगल. जायंट केल्प तळाच्या खडकाला धरून वाढतं, ३० मीटरपर्यंत उंच जातं आणि पृष्ठभागावर पसरून छत धरतं. अनुकूल दिवसांत ते रोज ३० सेंटीमीटरहून जास्त वाढतं. त्या छतातून तिरपी उन्हं खाली येतात, त्यांत रॉकफिशचे थवे निश्चल तरंगत असतात. ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाच्या, बाहेर सुमारे १५ मीटर खोलीवर मेट्रिडियमचं शेत आहे: पांढरी, गुडघ्याएवढी समुद्रफुलं, एकाशेजारी एक, दिसेल तिथपर्यंत. हार्बर सील मागून येऊन फिन्स तोंडात धरून बघतात.

ही सगळी समृद्धी त्याच गार, हिरव्या पाण्याची आहे. मॉन्टेरेच्या ‘कॅनरी रो’ या रस्त्यावरचे सार्डिन माशांचे कारखाने उभे राहिले ते त्याच पाण्याच्या जिवावर. कार्मेलजवळच्या पॉइंट लोबोसचा पाण्याखालचा भाग १९६० पासून राखीव आहे आणि १९९२ मध्ये सगळा उपसागर राष्ट्रीय सागरी अभयारण्य झाला.

पण हे जंगल आज धड अवस्थेत नाही, हेही सांगायला हवं. २०१३ पासून तारामाशांमध्ये अंग झडण्याचा रोग पसरला आणि सूर्यफूल तारामासा जवळजवळ नाहीसा झाला. तो जांभळ्या सागरी साळिंदरांना, म्हणजे अर्चिनना, खायचा. खाणारा गेला, त्यात समुद्राच्या उष्णतेची लाट आली, आणि अर्चिननी केल्प मुळापासून फस्त केलं. पूर्वी दाट असलेले कित्येक खडक आज उघडे आहेत. उरलं आहे ते बघायला आवर्जून या, आणि तळाला फिन्सचा फटका लागू देऊ नका.

६. वेटसूट चालेल की ड्रायसूट घ्यावाच लागेल?

सुरुवातीला ७ मिलिमीटरचा वेटसूट, हुड, ५ मिलिमीटरचे हातमोजे आणि जाड तळाचे बूट पुरतात. भाड्यानं मिळतात; घट्ट बसणारा माप घ्या, कारण सैल सूटमधून गार पाणी सतत आत-बाहेर करतं. सूटमधले हवेचे बुडबुडे खोलीवर दाबले जातात आणि ऊब सगळ्यात हवी असते तिथंच कमी पडते. वर्षभर डायव्हिंग करायचं ठरलं की ड्रायसूटचा, म्हणजे पाणी आतच न येऊ देणाऱ्या सूटचा, विचार करा, पण त्याचं वेगळं प्रशिक्षण घेऊनच.

७. अंदमानात चार किलो वजन लागलं होतं. इथं दुकानदार बारा देतोय, बरोबर आहे का?

बरोबर असू शकतं. सूटचं जाड निओप्रीन रबर जबरदस्त तरंगतं. सत्तर किलोच्या माणसाला पूर्ण ७ मिलिमीटर सूट आणि ॲल्युमिनियमच्या टँकसोबत १० ते १२ किलो लागणं नवल नाही. पण अंदाजावर जाऊ नका, शांत पाण्यात तपासा. टँक जवळजवळ रिकामा असतानाही ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हातमोजे घालून, न बघता, वजन सोडून देता आलं पाहिजे. पृष्ठभागावर गटांगळ्या खाणाऱ्या माणसानं आधी वजन टाकायचं असतं. बुडालेल्या डायव्हरच्या कमरेला वजन तसंच सापडतं, ही या खेळातली फार जुनी आणि फार दुःखाची गोष्ट आहे. वजनाचं शिसं पुन्हा विकत मिळतं.

८. समुद्र खवळलेला आहे की ठीक आहे, हे किनाऱ्यावर उभं राहून कसं ओळखायचं?

घरून निघण्याआधी अमेरिकी हवामान खात्याचा सागरी अंदाज आणि बॉयाचे, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या मोजयंत्राचे, आकडे बघा. उपसागराबाहेरचा ४६०४२ क्रमांकाचा बॉया काय येतंय ते सांगतो. लाटेच्या उंचीइतकाच दोन लाटांमधला वेळ बघा. ८ सेकंदांची ३ फुटी लाट वरून त्रासदायक वाटते, तळाशी फारसं जाणवत नाही. १६ सेकंदांची ६ फुटी लाट दुरून संथ दिसते, पण तिची ताकद कितीतरी जास्त असते. १५ मीटर खालीसुद्धा ती तुम्हाला पुढं-मागं झोकत राहते.

लाट कुठून येते यालाही महत्त्व आहे. नैऋत्येची लाट द्वीपकल्पाच्या आडोशामुळं ब्रेकवॉटरपर्यंत पोचत नाही, उत्तर-वायव्येची थेट आत येते.

किनाऱ्यावर पोचलात की सूट घालण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघत उभे राहा. मोठ्या लाटा एकामागोमाग तीन-चार येतात आणि मग बराच वेळ शांतता असते. पाच मिनिटं बघणाऱ्याला नेमकी ती शांतताच दिसते. मोठ्या लाटा किती वेळानं येतात, कुठं फुटतात, परत जाणारं पाणी कुठल्या पट्ट्यातून ओढ घेतं, हे मोजा. सूट चढवून, घाम गाळून झाल्यावर निर्णय बदलणं माणसाला जड जातं, म्हणून आधी बघायचं.

९. सोबतचे उतरायला तयार आहेत, मला मात्र नको वाटतंय. काय करू?

उतरू नका. कारण सांगायची गरज नाही. डायव्हर्समध्ये हा जुना शिरस्ता आहे की कोणीही, कधीही, पाण्याखालीसुद्धा अंगठा वर करून बुडी थांबवू शकतो आणि त्यावर वाद घालायचा नाही. आपल्याकडं चारजणांत ‘नाही’ म्हणायचा संकोच असतो, पेट्रोल आणि भाडं वाया गेल्याची रुखरुख असते. म्हणून गाडीतच ठरवून टाका: एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार. मत्स्यालय चालत जाण्याइतकं जवळ आहे, दिवस फुकट जात नाही.

१०. पहिली बुडी कुठं मारू? मोनॅस्टरी बीच सुंदर दिसतो.

पहिली सान कार्लोस बीचवर, म्हणजे सगळे ज्याला ब्रेकवॉटर म्हणतात तिथं. वाळूचा हलका उतार आहे, आडोसा आहे, वाट दाखवायला दगडी बांध आहे. पॉइंट लोबोसला व्हेलर्स कोव्हचा उतरता धक्का सोयीचा आहे, फक्त शेवाळामुळं निसरडा असतो. तिथं आधी आरक्षण लागतं.

मोनॅस्टरी बीच सुंदर आहे आणि तिथं माणसं मरतात. कार्मेलची सागरी दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळं लाटेचा जोर वाटेत कुठं मोडत नाही. ती सरळ पायाशी येऊन आदळते. वाळू जाड, खड्यांची आणि तीव्र उताराची. उभं राहिलं की पायाखालून सरकते आणि परत फिरणारं पाणी तुम्हाला पुढच्या लाटेखाली ओढतं. जाणकार डायव्हर दोन्ही टोकांना, शांत दिवस बघून उतरतात. मधला भाग टाळतात. इथला पुरेसा अनुभव नसेल तर तिथं सामान उतरवूसुद्धा नका. लाटांत नुसते पाय भिजवायला गेलेलेही वाहून गेले आहेत.

११. लाटांमधून आत कसं जायचं?

मास्क चेहऱ्यावर, रेग्युलेटर (टँकमधली हवा देणारी तोंडातली नळी) तोंडात, जॅकेटमध्ये थोडी हवा, एक हात मास्कवर. समुद्राकडं पाठ करून थांबायचं नाही. मोठ्या लाटांची रांग संपली की निघायचं आणि फुटण्याच्या पट्ट्यात रेंगाळायचं नाही. ब्रेकवॉटरसारख्या उतरत्या वाळूवर कमरेएवढ्या पाण्यात बडीचा खांदा धरून फिन्स घालता येतात. लाट असेल तर त्या कोरड्यावरच घालून, मान वळवून समुद्रावर नजर ठेवत, पाय घासत मागं-मागं जायचं. कॅमेरा, टॉर्च वगैरे हातात काही नको. सगळं अडकवून ठेवा.

१२. चेहरा पाण्यात घातला की श्वास लागतो, एकदा तर गरगरलं. असं का?

गार पाण्याच्या पहिल्या स्पर्शानं धाप लागणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नाही. कंबरेएवढ्या पाण्यात मास्कशिवाय चेहरा बुडवा, रेग्युलेटरमधून श्वास घेत एक-दोन मिनिटं थांबा. श्वास ताळ्यावर आला की मगच पुढं जा.

गरगरण्याचं कारण बहुतेक वेळा कान असतो. हुडमधून एका कानात गार पाणी आधी शिरलं की दोन्ही कानांच्या तापमानात फरक पडतो आणि तोल जातो. पृष्ठभागावर असतानाच हुड कानापाशी ओढून दोन्हीकडं पाणी जाऊ द्या. पाण्याखाली गरगरलंच तर तळाचा खडक किंवा केल्पचा देठ धरून थांबा. बहुधा मिनिटाभरात ओसरतं.

१३. गढूळ पाण्यात बडी हरवला तर?

एक मिनिट शोधायचं: जागेवर सावकाश गोल फिरत, टॉर्च मारत, वर बुडबुडे बघत. सापडला नाही तर नेहमीच्या वेगानं वर यायचं. दोघंही हेच करतात, म्हणून वर भेट होते. ‘आणखी थोडं शोधू’ म्हणून एकजण खाली राहिला की वरच्याचा जीव टांगणीला लागतो.

हरवू नये यासाठी खांद्याला खांदा लावून पोहा, मागं-पुढं नको. टॉर्चचा झोत अरुंद असावा. पसरट उजेड गढूळपणात धुक्यातल्या हेडलाइटसारखा परत डोळ्यावर येतो. झोतानं वर्तुळ काढलं तर ‘ठीक आहे’, भरभर आडवा हलवला तर ‘इकडं लक्ष दे’. तिघं असाल तर क्रम आधी ठरवा. माझं मत विचाराल तर कमी दिसणाऱ्या पाण्यात तिघं नकोतच.

१४. काही दिसत नसताना परतीची वाट कशी सापडते?

उतरण्याआधी किनाऱ्यावर उभं राहून होकायंत्रावर समुद्राची दिशा धरा. तिच्या उलट अंश म्हणजे घर. पाण्याखाली दिशा बदलली की अंश आणि वेळ पाटीवर लिहा. वाळूवरच्या लाटांच्या रेघा साधारण किनाऱ्याला समांतर असतात आणि पाण्याचे हेलकावे किनाऱ्याकडं आणि परत असे होतात. या दोन खुणा पाठ ठेवा. खोली कमी होत चालली म्हणजे किनारा जवळ येतोय. होकायंत्र आणि मन यांत मतभेद झाले तर होकायंत्राचं ऐका, फक्त ते बडीच्या लोखंडी टँकजवळ धरलेलं नाही ना ते बघा.

१५. केल्पमध्ये अडकलो तर?

थांबा. गोल फिरलात की आणखी गुंडाळलं जातं. केल्प ओढून तुटत नाही, पण घडी घालून मोडलं की कडकन तुटतं. पाठीमागं टँकला अडकलं असेल तर बडी सोडवेल. छोटी सुरी किंवा कात्री जवळ असावीच, मात्र ती खरी कामाला येते ब्रेकवॉटरजवळच्या मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यांसाठी.

छताखालून वर येताना हात डोक्यावर धरून मोकळी जागा बघत या. पृष्ठभागावर केल्प आलंच, तर आडवं होऊन, ते हातांनी खाली दाबत त्यावरून सरपटत पुढं जायचं. पाय मारायचे नाहीत. हे दमवणारं आहे, म्हणून परतीसाठी हवा राखायची (प्रश्न १६).

१६. किती हवा उरली की परत फिरायचं?

थंडीत, हेलकाव्यांत आणि जाड सूटमध्ये हवा भराभर संपते. अंदमानातला हिशोब इथं लावू नका. २०० बार दाबाच्या टँकमधली एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली राखीव. इथली दाब दाखवणारी मीटरं पीएसआय या मापात असतात: ३००० ने सुरुवात, २००० वर परत फिरणं, किनाऱ्याच्या लाटांपाशी पोचताना हजाराच्या आसपास. राखीव हवा लाटांमधून बाहेर येताना लागते, कारण तिथं रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा असतो.

थंडीनं कुडकुडायला लागलात तर हवा कितीही असो, बुडी संपली.

१७. बाहेर येताना लाट आपटली तर उठायचं कसं?

उठायचं नाही. फुटण्याच्या पट्ट्याबाहेर थांबून मोठी रांग जाऊ द्या, शेवटच्या लाटेच्या मागून या. तळ हाताला लागला की हात-गुडघ्यांवर रांगत, पाणी मागं पडेपर्यंत वर जा. मास्क, रेग्युलेटर आणि फिन्स अंगावरच असू द्यात. बहुतेक जण गुडघाभर पाण्यात ‘झालं एकदाचं’ म्हणून उभे राहतात, मास्क काढतात, आणि पुढची लाट त्यांना तिथंच गाठते.

१८. खाली असतानाच लाटा वाढल्या तर?

घाईनं बाहेर येऊ नका. लाटांच्या पलीकडं पृष्ठभागावर जॅकेट फुगवून, बडीला धरून थांबा आणि बघा. ब्रेकवॉटरला बांधाच्या आडोशाकडं सरकता येतं. जमणार नाही असं वाटलं तर शिट्टी आणि सिग्नल ट्यूब (लांबून दिसणारी, फुगवायची नळी) वापरा. किनाऱ्यावरच्या सोबत्यानं ९११ ला फोन करायचा. असा एक सोबती नेहमी किनाऱ्यावर ठेवावा. तरंगत मदतीची वाट बघण्यात कमीपणा नाही.

१९. रक्तदाबाची गोळी चालू आहे. डायव्हिंग करता येईल?

डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांना विचारून. गार पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडं येतं, त्यात घट्ट सूट आणि लाटांतली धडपड. यातून फुप्फुसांत पाणी साठण्याचा प्रकार होऊ शकतो आणि रक्तदाब असलेल्यांना तो धोका जास्त असतो. श्रम थांबवूनही धाप जात नाही, खोकला येतो, गुलाबी फेस पडतो: लगेच वर, पाण्याबाहेर, ऑक्सिजन आणि ९११. दमा, मधुमेह, पूर्वीचा हृदयविकार यांसाठीही डॉक्टरांचा सल्ला हवाच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचे डॉक्टर फोनवर मार्गदर्शन करतात.

२०. शार्क?

आहेत. जून २०२२ मध्ये लव्हर्स पॉइंटला एका पोहणाऱ्याला मोठ्या पांढऱ्या शार्कनं चावलं होतं. तरी पाण्याखालच्या डायव्हरवर हल्ला फार दुर्मीळ. लाट आणि हृदय यांची काळजी आधी करा. जास्त जवळून भेटतात ते सी लायन. प्लवकांच्या बहरात काही वेळा डोमोइक आम्ल तयार होतं, त्याच्या विषबाधेनं सी लायन आक्रमक होतात. भरकटलेला, मान हलवणारा सी लायन दिसला तर त्या दिवशी लांब राहा.

२१. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला आणू का?

बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना ज्युनिअर प्रमाणपत्रावर प्रमाणित प्रौढाबरोबर १८ मीटरपर्यंत परवानगी असते. परवानगी आणि तयारी मात्र एक नव्हे. लहान शरीर लवकर गारठतं, आणि सामानाचं वजन तिच्या वजनाच्या मानानं खूप होतं. सप्टेंबरातल्या शांत दिवशी, ब्रेकवॉटरला, थोडा वेळ आणि प्रशिक्षकासह. तेही तिनं स्वतः मागितलं तर.

२२. शनिवारी डायव्हिंग, रविवारी लेक टाहो. किंवा रात्री मुंबईचं विमान. चालेल?

बुडीत अंगात मुरलेला नायट्रोजन उंचावरच्या कमी दाबात बुडबुडे होऊन त्रास देऊ शकतो, म्हणून थांबायचं. विमानासाठी: एकच बुडी असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर किमान १८ तास थांबा. रात्रीचं विमान म्हणजे सकाळची बुडी नाही.

टाहो सुमारे १९०० मीटर उंचीवर आहे आणि वाटेतले घाट त्याहून उंच. शरीराला ते विमानासारखंच, म्हणून तोच नियम पाळा. सॅन होझेला परतताना १०१ चा रस्ता सखल आहे. सांताक्रूझमार्गे १७ नंबरनं गेलात तर माथा साधारण ५५० मीटरवर येतो. दिवसभरात दोन-तीन खोल बुड्या झाल्या असतील तर मी १०१ नंच जाते. घरी जाताना सांधे दुखू लागले, हाताला मुंग्या आल्या किंवा विचित्र थकवा वाटला, तर झोपून उठल्यावर बघू म्हणू नका. गाडी बाजूला घ्या आणि ९११ ला फोन करा.